बंड्याचे पाच दिवस

३ मार्च
बैठकीत कडाक्याचं वाजलं! मी म्हटलं, या साथीच्या तापाच्या रुग्णांना दहा दिवस वेगळं ठेवायलाच हवं. सहाव्या दिवशीही दहापैकी तिघांकडून लागण होतेय — आमच्या प्रयोगशाळेचे आकडे समोर आहेत. आरोग्यमंत्री म्हणाले, "पाच दिवस पुरे. लोकांना पोटं आहेत, डॉक्टर."
डॉक्टर! घरी ताई म्हणतो. सख्खा धाकटा भाऊ माझा. सगळ्या अधिकाऱ्यांसमोर 'बंड्या' म्हणता म्हणता राहिले.

४ मार्च
नियम निघाला. पाच दिवस.

८ मार्च
बंड्याशी बोलणं बंद आहे. पण पेपरात त्याचा फोटो पाहिला आणि आमची मागची खोली आठवली. दोघांना एकदमच गोवर निघालेला. मी दहाची, तो सातचा. आई उंबऱ्यावर ताटं ठेवून मागे सरायची. दिवसभर पत्ते. हरायला लागला की, "डोळे चुरचुरतात गं ताई," आणि हळूच पान मांडीखाली. लबाड! बाहेर यायचा दिवस उजाडला तर दोघंही रडायला लागलो. बाबा दाराबाहेर पोट धरून हसत होते.
बाबा अजून तसेच हसतात. फक्त आता, पंच्याऐंशीत, हसून झालं की दम लागतो. पंप हाताशी ठेवावा लागतो.

११ मार्च
बंड्यालाच लागण! फोनवर घोगरा आवाज — "ताई, काही बोलू नकोस."

१७ मार्च
दारात बंड्या. एकटाच, मास्क लावून. "पाच दिवस संपले. मोकळा झालो!"
अजून चार दिवस थांब — अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हणाला, "बंगल्यात एकट्यानं फार वाईट गेले गं. तेव्हा तू तरी होतीस."
घेतलं आत. खिडक्या तेवढ्या उघडल्या. आतून बाबांची हाक — "कोण, बंड्या? पत्ते काढ!" तिघं खेळलो. यानं पान लपवलं, बाबांनी बरोबर पकडलं! आईनंतर या घरात एवढं हसू झालं नव्हतं. मास्क कधी हनुवटीखाली आले, कळलंही नाही.

२० मार्च
बाबांना ताप. चाचणी पॉझिटिव्ह. बंड्याला अजून कळवलेलं नाही. काय सांगू? दार मी उघडलं होतं.