दार उघडं ठेवू नये

सोमवार, ३
माझं आयुष्य बदललं ते मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कॉलेजात पाहुणी म्हणून आलेल्या संशोधक मॅडमनी काचेच्या भांड्यात एक पट्टी बुडवली आणि पाण्यातून बुडबुड्यांची माळच्या माळ वर चढली. सगळे भांड्याकडे बघत होते, मी तिच्याकडे. मागच्या बाकावरचा एक शहाणा तिच्या बोलण्याची नक्कल करून हसला. मी स्टूल उचलून फेकलं. त्याला लागलं नाही, खिडकीला लागलं. माफी माग म्हणाले. मी मागितली नाही. कॉलेज सुटलं, बाबांनी अबोला धरला. मामा तिच्या संस्थेत स्टोअर सांभाळतो. त्याच्या मागे भुणभुण लावून तिच्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटलो. मामाने एवढंच बजावलं की तोंड बंद आणि हात खिशात ठेव.
आणि तिने मला ओळखलं! म्हणाली, अरे, तू स्टूलवाला ना? इथली स्टुलं जमिनीला ठोकलेली आहेत हं. आज मी जिना चढलो नाही, तरंगत गेलो.

मंगळवार, ४
इथे दोघं संशोधक: ती आणि एक दाढीवाला, मी त्याला दाढीच म्हणतो. दोघांची डॉक्टरेट झालेली, नेमणूक दोन वर्षांची, मग पुन्हा नवं गाव शोधायचं. दाढी म्हणतो, डॉक्टर झालो खरा, पण आईच्या गुडघ्याला उपयोग शून्य.
काम असं: विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा. तो जाळला की धूर नाही, काजळी नाही. पट्टीवर उत्प्रेरकाचा काळा थर आहे. मॅडम म्हणाली, उत्प्रेरक म्हणजे लग्नं जमवणारा काका. धावपळ सगळी त्याची, आणि शेवटी स्वतः होता तसाच. फक्त आमचा काका मोडायचं काम करतो. मी इतका हसलो की दाढीने वळून पाहिलं.
एरवी अशा पट्ट्या चार दिवसांत दमतात, विजेचा आकडा उतरतो. ही सव्वीस दिवस चालू आहे आणि आकडा ढिम्म. मध्ये एकदा संगणकातल्या नोंदी पुसल्या गेल्या, तेव्हापासून कुणीतरी पट्टीसमोर बसून दर अर्ध्या तासाला वहीत आकडा लिहायचा. सकाळी मी, बारानंतर ती. दाढी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर असतो. दारावर पाटी आहे: दार उघडं ठेवू नये. खुर्चीवरचा माणूस चहाला उठला की तेवढ्यापुरता आकडा पडतो. गार वारा आत येतो ना, असं दाढीचं म्हणणं.

शुक्रवार, ७
बारा वाजता पाळी बदलते, ती दोन मिनिटं हीच माझी दिवसभराची कमाई. आज दाढी म्हणाला, हा मुलगा आकड्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उठणार, तोच तो पलीकडून ओरडला, थांब, हलू नकोस, आकडा चढतोय!
मी बसलो. राग गेला. इतक्या पटकन कधी जात नाही.

बुधवार, १२
आज दाराच्या फटीत फडकं कोंबलं आणि बाहेर उभं राहून काचेतून पाहिलं. वाऱ्याला वाव नव्हता. तरी आकडा पडला. आत गेलो, चढला. दाढीला सांगितलं. तो खूश होऊन म्हणाला, मग अंगाची ऊब असणार, आणि त्याने तक्त्यात नवा रकाना आखला.
वही मागे चाळली. पहिली पानं तिची, तिरक्या धावत्या अक्षरात. समासात लिहिलंय, आज पट्टी माझ्यापेक्षा जास्त काम करतेय. पुढे समास कोरे. पुढे तिचंच अक्षर उभं, एकसारखं, जसं छापलेलं. मग माझी पानं. माझं अक्षरही जन्माचं तिरकं. सोमवारपासून ते उभं होत चाललंय.
ती हसून किती दिवस झाले, आठवत नाही.

सोमवार, १७
आईचा फोन. मी नीट बोललो तर ती घाबरली. म्हणाली, एकदाही आवाज चढवला नाहीस, अंगात ताप आहे का?
साडेअकराला दाढीने मॅडमच्या बोलण्याची नक्कल केली. हुबेहूब. मी आकडा लिहिला, रेघ ओढली. घरी येऊन ३ तारखेचं पान वाचलं. स्टूल कुणीतरी दुसऱ्यानेच फेकलं असं वाटलं.
पट्टी झिजत नाही. मग झिजतंय काय?

बुधवार, १९
तिच्या पिशवीत फोन वाजत होता. पडद्यावर "बहीण". तिने मला विचारलं, हा कुणाचा फोन? मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, आणि आपण कोण?
आपण! मला!
मी विजेचा खटका बंद केला. तार उपटली. तार हातात — आकडा तोच. बुडबुडे तसेच.
दाढी म्हणाला, मोजणारं यंत्र बिघडलं असेल.

गुरुवार, २०
उद्या बारा वाजता तिचा हात धरायचा आणि बाहेर. मामा फाटकाशी स्कूटर घेऊन थांबणार आहे. मी म्हटलं, कारण विचारू नकोस. त्याने विचारलं नाही.
विसरेन म्हणून तळहातावर लिहून ठेवलं. मुद्दाम तिरकं.

शुक्रवार, २१
उठल्या उठल्या हात पाहिला. आहे.
अकरा. खुर्चीत. आकडा चढतोय. का चढतोय — मला तर काहीच वाटत —
बारा. ती आली, बसली. हात धरला. म्हणाली, एवढा आकडा लिहिते, मग येते. दारात उभा राहून लिहितोय.
ती अजून —
मी कशासाठी थांबलोय?
दार उघडं राहिलंय. पाटी आहे ना. उघडं ठेवू नये.
बाहेर आलो. दार ओढून लावलं. बरं वाटलं.
काचेतून एक बाई दिसते. उठलीय, पिशवी खांद्याला. हात पुढे केलाय — कुणाकडे —
परत बसली. लिहायला लागली.
माझ्या तळहातावर काहीतरी आहे. तिरकं अक्षर. "हिला बाहेर काढ."
हिला म्हणजे —