सासऱ्यांच्या ट्रकचा निळा

१२ जून २००५, रविवार. यवतमाळ.
ट्रक आला. ढाणकीहून ओढून आणावा लागला. सासरे पुंडलिकरावांनी उमेदीची सगळी वर्षं यातून कापूस वाहिला. मग तिथलं जिनिंग बंद पडलं आणि हा लिंबाखाली उभा राहिला. कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या. कोणाच्या हातात काय वस्तू पडते.

मी याची हॉट रॉड करणार. इंटरनेट कॅफेत अमेरिकन ट्रकचे फोटो पाहिले तेव्हाच ठरवलं. छत कापून खाली घ्यायचं, बॉनेट काढून टाकायचं, इंजिन उघडं ठेवायचं, मागची चाकं रुंद. विदर्भात हे कोणी केलेलं नाही. कोणाला सुचणारही नाही. ऑफिसात सांगितलं तर बडे बाबूंनी विचारलं, हॉट म्हणजे गाडी तापते का. असे लोक पाटबंधारे खातं चालवतात.

सासऱ्यांची अट एकच. म्हणाले, "जावईबापू, काय करायचं थे करा, पण रंग माह्या गाडीचा तोच पाह्यजे."
म्हटलं, निळा तर आहे. त्यात काय.

संकल्प : दसऱ्याला गाडी ढाणकीत. रंग मी स्वतः जुळवणार.

२६ जून.
दार एका निळ्याचं, छत दुसऱ्या निळ्याचं, मागचा फाळका तिसऱ्याच निळ्याचा. उन्हानं सगळं खाल्लंय. मी छताचा निळा अधिकृत धरला, कारण छत सर्वांत मोठं. आर्णी रोडच्या गॅरेजमधला रंगारी पूनमसिंग म्हणतो, "लांबून कोन पायते साहेब, कोनताही मारा." जिल्हा मागास का आहे, हे मला आज कळलं.

१७ जुलै, रविवार.
दुकानात बसून शेड मिसळून घेतली. ट्यूबलाइटखाली तंतोतंत. गॅरेजच्या उन्हात नेली तर जांभळी. दुकानदारानं फसवलं. शोभाला नेऊन दाखवली. म्हणाली, वांग्यासारखा दिसून राह्यला. होम सायन्स घेऊन बी.ए. झालेल्या बाईला वांगंच दिसणार.

तिनं असंही म्हटलं की बाबांचा निळा असा नव्हताच, छताचा तर विटलेला आहे. मी विषय वाढवला नाही. रंग हा माझा विषय आहे.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन उरकून थेट गॅरेज. वेल्डरनं छत कापून खाली बसवलं. मागचा माल भरायचा हौदाही निम्म्याहून जास्त कापला. मागचा भाग आखूड असल्याशिवाय रुबाब येत नाही. आत बसल्यावर डोकं छताला लागतं. अमेरिकेतही लागत असेल. तिथले लोक तक्रार करत नाहीत.

दुसरी शेड ओली असताना जमली होती. वाळल्यावर गडद झाली. हवेत दमटपणा फार.

४ सप्टेंबर, रविवार.
मेहुण्याचा फोन. इंद्रजित बोलायला लागला की थांबत नाही. यंदा गावातले व्यापारी कापसाला भावच देणार नाहीत, सगळ्यांना माल उमरखेडच्या खरेदी केंद्रावर न्यायचा आहे, हंगामात भाड्यानं गाडी मिळत नाही. बाबांचा ट्रक दिवाळीनंतर चालता होईल का? आळीतले चारपाच जण मिळून डिझेल टाकतील.

म्हटलं, पळेल.

मग म्हणाला, "भाऊजी, माल किती बसंल त्यात?" हॉट रॉडबद्दल असा प्रश्न कोणी विचारत नाही. तसं त्याला सांगितलं. हौद्याचं बोललो नाही. फोनवर त्याला ते कळलं नसतं.

१२ ऑक्टोबर, दसरा.
गाडी तयार नाही. गॅरेजमध्येच झेंडूचा हार घातला. तिसरी शेडही गेली. पूनमसिंगनं ब्रश नीट धुतला नव्हता. तो म्हणतो, धुतला होता. माझ्याकडे पुरावा नाही, पण खात्री आहे.

नवा संकल्प : दिवाळी.

६ नोव्हेंबर, रविवार.
दिवाळी झाली. भाऊबीज करून शोभा माहेराहून आली. सांगत होती, घरात कापूसच कापूस. माजघरात, ओसरीत, देवघराच्या दारापर्यंत. शेजारच्या रुक्माबाईंनी तर पलंग बाहेर काढून आत कापूस भरलाय. बाबा रोज गच्चीवर चढून रस्त्याकडे पाहतात म्हणे. या वयात गच्चीवर चढू नये.

शोभा चिडली की माहेरचं बोलते. "काहून नाही सांगत तुमी त्यायले की हौदा कापला?"
म्हटलं, सरप्राइज आहे.

तिनं थंडीची पांघरुणं काढायला पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. झाकण आतून निळं. लग्नात दिलेली पेटी. ट्रक रंगवून उरलेल्या रंगात सासऱ्यांनी स्वतः रंगवलेली. तिला ऊन कधी लागलंच नव्हतं. खरा निळा आमच्या पलंगाखाली होता.

हे मी लगेच ओळखलं. शोभानं फक्त पेटी उघडली.

२७ नोव्हेंबर, रविवार.
जमला. झाकण गॅरेजमध्ये नेलं. नमुना पूर्ण वाळू दिला, भर उन्हात शेजारी धरला. झाकण कुठलं, नमुना कुठला, मलाच सांगता येईना. पूनमसिंगनं चहाचा कप खाली ठेवला. त्याच्याकडून एवढी दाद पुष्कळ.

रंगाला लागतो संयम. तो माझ्याकडे पहिल्यापासून होता.

११ डिसेंबर, रविवार. ढाणकी.
मी चालवत आणला. शोभा शेजारी, दोघांच्या माना वाकड्या. उघड्या इंजिनामुळे धूळ आणि धूर थेट तोंडात. रस्त्यात लोक थांबून पाहत होते. काही हसत होते. त्यांना सवय नाही.

अंगणात माणसं जमलेली. इंद्रजितनं आळीला बोलावून ठेवलं होतं. रुक्माबाईंची गाठोडी दारात रचलेली. तो मला न विचारता असं करतो.

सासरे काठी टेकत आले. दारावर हात ठेवला. चेहरा पत्र्याजवळ नेला. म्हणाले, "रंग तोच हाये." मी शोभाकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

मग ते मागच्या बाजूला गेले. दुसऱ्या बाजूनं फिरून पुढं आले. आवाज न चढवता विचारलं, "जावईबापू, बाकीचा ट्रक कुठी हाये?"

मी हॉट रॉड म्हणजे काय ते सांगितलं. फोटोचं सांगितलं. अमेरिकेचं सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. रुक्माबाईंनी विचारलं, मोठी गाडी मांगून येऊन राह्यली का? इंद्रजित चपला घालून ट्रॅक्टर शोधायला गेला.

हौद्यात एक गाठोडं ठेवून पाहा, असं मीच सुचवलं. ठेवलं. मावलं. दुसरं कोणी उचललं नाही.

१२ डिसेंबर, सोमवार. एसटीत.
इंद्रजितला ट्रॅक्टर गुरुवारचा मिळाला. तोपर्यंत भाव आणखी उतरेल म्हणतात. लोकांना रडायची सवय असते, असं लिहिणार होतो.

गाडी तिथंच राहिली. शोभाही. कधी येशील विचारलं, तर म्हणाली, कापूस जाऊ द्या आधी.

सासरे स्टँडपर्यंत सोडायला आले. नको म्हणत असताना माझी बॅग धरली. एसटी येईपर्यंत खाली ठेवली नाही. एवढंच म्हणाले, "रंग मात्र जमवला तुमी." रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं.

बसचा दाराजवळचा पत्रा नवीन घातलाय. त्याचा लाल बाकीच्या लालशी अजिबात जुळत नाही. आंधळ्यालाही दिसेल. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा सांगणार होतो.

नाही सांगितलं. बस गच्च भरली होती.