कपाटाची किल्ली

३ फेब्रुवारी

चि. काडीस अ. आ.,

तुझ्या प्रयोगशाळेतली नळी पोचली. तिच्यात थुंकून परत पाठवायचं, एवढं कळलं. पण "अर्धा तास आधी काही खाऊ नये" या ओळीखाली लाल रेघ कशाला? पन्नाशीला टेकलेल्या बहिणीला टोमणा मारायला टपालखर्च केलास, धन्य आहे तुझी. मी आधी चार बिस्किटं खाल्ली आणि मगच थुंकले.

खरं सांगू, मी जळते तुझ्यावर. एकाच स्वयंपाकघरात वाढलो आपण. तू ताटात टाकून उठायचीस, मी ते संपवायचे आणि बोलणीही मीच खायचे. आईनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली दिली कुणाला, तर धाकटीला. ते अजून सलतं. आज मी दिवसभर लोकांचे पडदे शिवून घर चालवते, तरी कुलूप आहेच. फक्त किल्ली आता आईच्या कमरेला असते. फोनवर तुला विचारते, जेवलीस का. मला विचारते, परत खाल्लंस का.

साखर वाढलीय, पायाची जखम भरत नाही. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, नाहीतर पायावर बेतेल. जसं काही ते अंगावरून उतरवून खुंटीला अडकवता येतं.

राग आहे, तरी खुशाली कळवत जा.

तुझी जळकी ताई

२१ मार्च

ती. ताईस सा. न.,

पहिल्या नळीत तुझ्यापेक्षा बिस्किटंच जास्त होती. ती लाल रेघ आम्ही सगळ्यांच्याच कागदावर मारतो, माझ्याही होती. दुसरी नळी एक शब्द न लिहिता पाठवलीस, ती नीट निघाली.

आता बसून वाच. अंगात पुरेशी चरबी साठली की ती एका हार्मोनच्या हाती मेंदूला निरोप धाडते, आता पुरे. तो निरोप घेणारा रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समज. तुझी बेल जन्मापासून बंद आहे. निरोप्या दारात ताटकळतो आणि घरात वाटतं उपासमार चाललीय. आई आणि बाबा दोघांकडेही ही बेल घडवणाऱ्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती. तुझ्या वाट्याला दोन्ही आल्या, माझ्या एकच, म्हणून मी सुटले. ताई, तू हावरट कधीच नव्हतीस. तू खरोखर उपाशी होतीस.

ही बेल टाळून थेट आतल्या दारावर थाप मारणारं इंजेक्शन आहे. रोज घ्यावं लागतं, सगळ्यांना सारखं लागू पडतं असं नाही. पण आमच्या डॉक्टरांना तुला तपासायचंय. माझ्याकडे राहायला ये.

आणि जळण्याचं म्हणशील तर मीही जळलेय. किल्ली गळ्यात आली आणि तू माझ्याशी खेळणं सोडलंस. आईचं लक्ष सदा तुझ्यावर. मी अंगात ताप घेऊन शाळेत जाऊन आले तरी तिला पत्ता नसायचा. म्हातारपणी राहायलाही तिनं तुझंच घर निवडलं.

हे आईला वाचून दाखव. माया आटू देऊ नकोस.

तुझी काडी

२ एप्रिल

चि. काडीस अ. आ.,

वाचून दाखवलं. "हावरट कधीच नव्हतीस" मुद्दाम मोठ्यानं वाचलं. तुझ्या तापाचं आलं तेवढं मात्र तिनं पुन्हा वाचायला लावलं. झालं, म्हटलं, इथेही धाकटीच पुढे. फणकाऱ्यानं जाऊन मशीनवर बसले.

दुपारी ती आली आणि किल्ली माझ्यासमोरच्या कापडावर ठेवून गेली. मी कपाट उघडलं. आत साखरेचा डबा आणि बिस्किटांचे दोन पुडे. एवढ्यासाठी जन्म गेला गं आपला. एक पुडा संपवला, भूक जिथल्या तिथं. पत्र वाचून काही बेल वाजायला लागत नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात येते. आईलाही आणते, तुझ्या तापाचं तुम्ही दोघी बघून घ्या. तुझं कपाट उघडं ठेव.

आणि एक राहिलं. काल रात्री मी जेवून, ताट धुऊन ठेवलं होतं. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, जेवलीस का. मला विचारलं.

मी नाही म्हणाले. तिनं परत ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

आहे तसाच जीव लाव.

तुझी ताई