कढत पाण्यात धुतलेले झगे

आदरणीय ऑर्विलमामांना,

भाचा मर्ल याचा, गुडघा परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या खुब्याचं दुखणं कसं आहे ते कळवा. ओमाहाच्या त्या वृद्धाश्रमात कॉफी पातळ मिळते ही तुमची तक्रार अर्लीनला वाचून दाखवली. ती म्हणाली, तक्रार करताहेत म्हणजे तब्येत उत्तम आहे. (बायको माझी, पण तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.) पत्राला कारण असं काही नाही. बर्फ वितळलं, रस्त्यांचा चिखल झाला, आणि बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, एवढंच.

आपल्या गावच्या पोरांच्या बंधुमंडळाचे झगे कुठे असतात ते तुम्हाला आठवत असेल. हार्डवेअरच्या दुकानावरचं सभागृह, आणि तिथल्या स्वयंपाकघराला चिकटून असलेलं ते कपाट. दर महिन्याच्या चिली-जेवणातल्या तिखट रश्श्याचा कांदा त्या कपाटात शिरतो आणि डांबराच्या गोळ्यांबरोबर संसार थाटतो. यंदा त्या संसाराचा वास इतका वाढला की धाकटी पोरं एक हात छातीवर ठेवून शपथ घेत आणि दुसऱ्याने नाक धरत. वसंत आला की मुलांच्या आयांनी झगे थंड पाण्यात, हाताने धुवायचे, ही आपली रीत. पण निम्म्या आया आता नोकरीवर जातात आणि अर्लीन बहिणीकडे गेली होती. मी म्हटलं, मंडळाचा मार्गदर्शक म्हणून एवढा मिरवतो, तर एकदा हातही चालवावा. सगळे झगे घरच्या मशीनमध्ये कोंबले आणि कांद्याची खोड मोडावी म्हणून पाणी चांगलं कढत घेतलं. मामा, आतल्या लाल अस्तराने जन्मभर धरून ठेवलेला रंग एका दुपारी सोडला. झाकण उघडलं तर पांढरे झगे गुलाबी, आत नुसतं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम! (माझे बनियनही त्यातच होते. ते मी अजून वापरतो. शर्टाच्या आत कोण बघायला येतंय?) अर्लीन परतली, तिने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगातला कोटही न काढता खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

आता झग्यांचा अर्थ सांगणाऱ्या धड्याचं काय करायचं? तो तुम्हीच मला मक्याची कणसं सोलता सोलता पाठ करायला लावला होता. बाहेरून पांढरा आणि सगळ्यांचा सारखा, कारण झगा चढवला की बँकवाल्याचा मुलगा कोण आणि बँक झाडणाऱ्याचा कोण हे कळता कामा नये. आतून लाल, कारण धैर्य आत बाळगायचं असतं, मिरवायचं नसतं. खिसा नाही, कारण इथे कुणी काही घेऊन जायला येत नाही. (चिठ्ठी लपवून धडा वाचता येऊ नये म्हणूनच खिसा शिवला नसावा, असा मला त्या वयात दाट संशय होता.) नवे झगे मागवले तर ते मळणीच्या हंगामाशिवाय येत नाहीत आणि नव्या प्रमुखाला झगा चढवण्याचा समारंभ तर येत्या शनिवारी.

नवा प्रमुख म्हणजे डेल कुचेरा. धान्याचा ट्रक चालवणाऱ्या ह्यूगोचा थोरला. यंदा वयात बसणारा तो एकटाच आहे. तो उभा राहिला नाही तर प्रमुख नाही, आणि प्रमुख नाही तर राज्याची कचेरी आपल्या शाखेला कुलूप लावणार. ह्यूगोने आजवर सभागृहाचा जिना चढलेला नाही. पडद्याची कापडं गुंडाळून पोरं एकमेकांना सलाम ठोकतात, असं तो कोठारापाशी सगळ्यांना सांगतो. पण डेलने इतक्या विनवण्या केल्या की या वेळी तो येतो म्हणाला आहे.

मी सभा बोलावून झगे टेबलावर ठेवले. पहिल्यांदा पोरांतल्या वात्रट राल्फने तोंड उघडलं, "मर्लकाका, धैर्य आत ठेवायचं होतं ना? तुम्ही तर उकळून बाहेर काढलंत की!" सगळे खो खो हसले. डेल हसला नाही. म्हणाला, "बाबा पहिल्यांदा येताहेत. दारातूनच हसत परत जातील. आणि मला त्यांच्याच ट्रकमधून घरी जायचंय." मी गळा साफ करून समजावलं की अर्थ काही कापडात नसतो, मनात असतो, वगैरे वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुम्ही घाला ना, काका."

पण नियम असा की मोठ्यांपैकी जो एकदा प्रमुख होऊन गेला त्यालाच झगा घालता येतो, आणि मी तर मंडळात द्वारपालाच्या पदापुढे कधी सरकलोच नाही. मी नियम सांगितला आणि मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. डेल म्हणाला, "एक तरी मोठा माणूस हा रंग अंगावर घालून माझ्या शेजारी उभा राहू दे. एकच. मग मीही राहतो, हसू देत बाबा हसायचे तितके."

तेव्हापासून माझी झोप नीट होत नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे सारखे दिसतो म्हणून ऐटीत होतो. पण पांढऱ्या झग्याला कुणी हसतच नव्हतं, तर त्यात सारखं दिसायला काय लागत होतं? ज्याला लोक हसणार त्याच्यासारखं दिसायची वेळ आली की शेजारी कोण उभा राहतो, हा प्रश्न धड्यात कुठेच नव्हता. तो त्या पोराने विचारला. मला त्याचं फार वाईट वाटतं आहे.

असो. तुम्ही काळजी करू नका. सोबत अर्लीनने दालचिनीचे रोल पाठवले आहेत. शेजारच्या खोलीतल्यांना वाटावेत असा तिचा निरोप आहे. तुम्ही वाटणार नाही हे तिलाही ठाऊक आहे.

तुमचा भाचा,
मर्ल

ता. क. जानेवारीत नॉर्बर्ट गेला. म्हणजे या भागातल्या जुन्या प्रमुखांपैकी आता तुम्हीच उरलात. मी शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन येतोच आहे. जिना चढवायला मुलं खुर्ची धरतील.

दुसरा ता. क. तुमचा झगा देवदाराच्या पेटीत आहे आणि पुरताना तोच अंगावर हवा असं तुम्ही अर्लीनला बजावून ठेवलं आहे, हे मला माहीत आहे. मामी तो दर वसंतात थंड पाण्यात धुवायची, म्हणून अजून इतका पांढराशुभ्र आहे, हेही माहीत आहे. पण शनिवारी तुम्ही तसेच पांढरे आलात, तर शोभाल तुम्ही, आणि डेल एकटा पडेल. तुम्ही थोर, यावर काय करावं ते तुम्हीच सांगा.

तिसरा ता. क. अर्लीन म्हणते, म्हाताऱ्या माणसाला कोड्यात घालू नका, सरळ लिहा. तर मामा, झगा बरोबर आणा. पाणी तापवून ठेवतो.