काटा उठला, मेस्त्री

मेस्त्री, आज तुम्हाला लिहायला बसलोय ते रडगाणं गायला नव्हे, फुशारकी मारायला. तुम्ही असता तर अर्ध्यातच "बास, लई शाना झालास" म्हणून हातात पाना दिला असता. आता अडवायला तुम्ही नाही, तेव्हा सगळं ऐकून घ्यावंच लागेल. एका जुन्या जीपचा मेलेला स्पीडोमीटर मी गेल्या गुरुवारी जिवंत केला. लॅपटॉपवाल्यांनी हात टेकले होते, तिथं मी उभा राहिलो.

पौडला तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी नवानवा होतो तेव्हाची गोष्ट तुम्ही विसरला असाल, मी नाही. डॉक्टरांची जीप आलेली, काटा बंद. मी मोठ्या ऐटीत मीटर उतरवला, नवा बसवला. डॉक्टर चक्कर मारून आले तर काटा शून्यावर तसाच. तुम्ही भाकरी खात होता. अर्ध्या भाकरीवरनं उठलात, जुन्या मीटरच्या मागच्या भोकात तार घातलीत आणि बोटांनी गरागरा फिरवलीत. काटा टुणकन उडाला. "ह्यो जित्ता हाय. मेलीय ती केबल. आन् तू जित्याला जाळाय निगालास!" डॉक्टर खो खो हसले. एवढ्यावर थांबाल तर तुम्ही कसले! "पार्ट बदलाय माकडालाबी शिकवता येतं. मालकाला इचारलंस का, कवा झालं, त्याच्या आदी काय झालं?" मी त्या दिवशी जेवलो नाही. मनातल्या मनात तुम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही, तुम्ही मेलेलं माणूस. पुढं मी भरे गावाच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला तुमचा टेस्ट लॅम्प तुम्ही माझ्या खिशात कोंबलात आणि पाठ फिरवलीत. तो अजून चालतो.

तर गुरुवारी दुपारी नांदे गावची एक बाई आली. स्वतः जीप चालवत. वरच्या वाड्यांवरची पोरं पौडच्या शाळेत नेते-आणते. तेरा-चौदा वर्षांची जुनी गाडी, पण लेकरासारखी जपलेली. उतरल्या उतरल्या म्हणाली, "दादा, उद्या आरटीओत पासिंग हाय. काटा बंद म्हनून एकदा माघारी धाडलंय. आता नापास झाली की गाडी उभीच. सोमवारी दिवाळीची सुट्टी संपतीय. वाडीवरचे आयबाप म्हनत्यात, गाडी न्हाई तर पोरी शाळंत पाठवायच्या न्हाईत. नववीतल्या चार हायेत, त्या घरी बसल्या की बसल्याच." माणच्या बाजूला एक मोठं वर्कशॉप आहे, काचेचं, थंडगार. तिथं लॅपटॉप लावून सेन्सर दोनदा बदलून झाला होता, मीटर एकदा. शेवटी तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, पूरा वायरिंग बदलना पड़ेगा, आठ दिन लगेंगे." आणि बाईच्या हातात उरला होता एक दिवस.

आता खरं सांगतो. माझाही हात आधी सेन्सरकडंच गेला. तुमच्या वेळची, चाकाबरोबर फिरून काटा हलवणारी केबल आता नाही, मेस्त्री. गिअरबॉक्सवर बोटाएवढा सेन्सर असतो, तो चाकाची फिरकी मोजतो आणि वायरीतनं मीटरला कळवतो. माझ्या फळीवर नवा सेन्सर होता. पाना लावलाही मी. आणि कानात तुम्ही ओरडलात. गुमान पाना ठेवला, चहा सांगितला, बाईला स्टुलावर बसवलं.

"काटा एकदम मेला का हळूहळू?"

"आदी थरथरायचा. खड्ड्यात गेली की उठायचा. मग पार झोपला."

"कधीपासनं?"

"दसरा झाला, त्याच्या मागनं आठ-धा दिवसांनी."

"दसऱ्याला काय केलंत गाडीला?"

"काय करनार? धुतली, पूजा केली, हार घातला. सगळी करत्यात तेच."

मागची चाकं उचलून टेकू दिले. चावी फिरवून तुमचा लॅम्प सेन्सरच्या प्लगला लावला. पेटला, म्हणजे करंट येतोय. मग व्होल्ट मोजायचा मीटर लावून सेन्सरच्या वायरीवर बघत बाईला चाक हातानं फिरवायला सांगितलं. आकडा वर, खाली, वर, खाली. सेन्सर ठणठणीत! तीच वायर डॅशबोर्डच्या मागं धरली, तर आकडा हलेना. मग काय, मला उकळ्या फुटायला लागल्या. दोन्ही टोकं पाहिली, चोर मधेच कुठंतरी बसलाय.

शाळेच्या गाडीला गव्हर्नर बसवतात, वेगाला लगाम घालणारी डबी. तिची वायर याच वायरीला मधेच जोडलेली असते. बसवणाऱ्यानं ती नुसती पिळून काळी पट्टी गुंडाळली होती. मी डॅशबोर्डखाली उताणा पडलो, पट्टी सोडली, आणि काय सांगू! आत हिरवा चिखल. तांबं खाल्लं गेलेलं, आंबूस वास, आणि त्याला चिकटलेलं कुंकू आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

"ताई, नारळ कुठं फोडला?"

"भाईर, दगडावर. पर पानी आत शिपडलं, मीटरवर. सासूबाई म्हनल्या, गाडीच्या तोंडाला पानी लागाय पायजे. चांगलं तांब्याभर वतलं."

मी तिथंच पडल्या पडल्या हसत सुटलो. दोन सेन्सर, एक मीटर, एवढा मोठा लॅपटॉप, आणि करणी कुणाची तर सासूबाईंच्या नारळाची! बाई रागावली, "देवाचं हाय, हसू नगा." मी म्हटलं, देवाला हसत नाही हो, वायरीला हसतोय. तुम्ही दसऱ्याला नारळ चाकापुढं फोडायचा, पाणी स्वतः पिऊन टाकायचा आणि हात पुसल्याशिवाय गाडीला शिवायचा नाहीत. मी तुम्हाला खादाड समजायचो. माफ करा.

कुजलेला तुकडा कापला, नवी वायर घेतली, झाळून जोडली, वर रबराची नळी चढवली आणि जोड पाणी पोचणार नाही असा उंच बांधला. बाईला म्हटलं, आता तुम्हीच बसा. तिनं इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. चाकं हवेत फिरतायत, आणि काटा हलतोय. दहा. वीस. तीस. बाई अशी किंचाळली की समोरच्या चहावाल्याचं दूध उतू गेलं. मग रस्त्यावर नेली, तिच्या फोनमधला वेग आणि काटा ताडून पाहिला. चाळीसला चाळीस, आणि तिथंच गव्हर्नरनं गाडी धरली. दुसऱ्या दिवशी पासिंग झालं. आज सोमवार. सकाळी गॅरेजवरनं जीप गेली, हॉर्न दाबून धरलेला, मागं त्या चार पोरी दप्तरं घेऊन बसलेल्या. मी रस्त्यात उभा राहून दोन्ही हात वर केले. पन्नाशीचा माणूस, लोक हसले, हसू देत.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या शेडच्या जागी आता चार मजली इमारत आहे. घडी घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवीन. पण एक लिहायचं राहिलंय, आणि तेवढ्यासाठीच कदाचित बसलो असेन. त्या दुपारी काटा उठला तेव्हा गर्दी जमली होती. शेजारचा टायरवाला, चहावाला, रस्त्यावरची दोन-चार माणसं. बाईनं हात जोडून सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, हे तुमाला शिकवलं कुनी?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "कुणी नाही, ताई. आपलं आपणच." सगळे वाहवा म्हणाले. खोटं कशाला बोलू, मेस्त्री, लई गोड लागली.