आपल्या नाल्याचं पाणी

सूनबाई,

तुझं हे वागणं मला आवडलं नाही. गल्लीतल्या सगळ्या रंगाऱ्यांच्या नाल्यांचं पाणी कॉलेजात तपासायला नेलंस आणि आपल्या कारखान्याचा नाला तेवढा वगळलास. सासूला राग येईल म्हणून, असं तुझा नवरा म्हणाला. त्याचं सोड, तो लहानपणापासून मला भितो.

मी दुसरीत शाळा सोडली. पण माझी सून इंजिनिअरिंग नि पर्यावरण दोन्ही एकदम शिकते, हे भेटेल त्याला थांबवून ऐकवते. उद्या शेजारचा रंगारी म्हणाला, घरचं झाकून आमचंच उघडं पाडलंत, तर मी कुठलं तोंड दाखवू? आणि तुझे सर तरी असलं अर्धवट काम पास करतील का?

आज काळं कापड रंगवायचंय. त्याचं पाणी सगळ्यात घाण. तू येईपर्यंत ते नाल्यात सोडू नका, असं मुकादमाला सांगायला मी पुढं गेलेय. धुतलेल्या बाटल्या घेऊन ये. चहा झाकून ठेवलाय, गरम करून पी.

पाणी वाईट निघालं तर वाईटच लिही, आणि ते साफ करायची पहिली टाकी आपल्याकडेच बांध. तुझ्या बाटलीभर पाण्यानं उतरायला माझं नाव काही कच्च्या रंगाचं नाही.