क्रमांक एकची नोंद

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

रामाकोन्याच्या कलाबाई सकाळीच दारात. रडून रडून डोळे लाल. "बाई, माह्या भाग्यश्रीचा फोटो कोण्या गावाले गेला वो? तीन दिवसांपासून कोण कोण पोट्टे फोन करून राह्यले!" घाण घाण बोलतात. पोरीनं फोन बंद करून टाकला, घराबाहेर निघत नाही.

शोधलं, तर भाग्यश्री भलत्याच एका लग्नाच्या साइटवर! फोटो, नंबर, उंची, सगळं.

नऊ वर्षांपासून समाजाची वधू-वर यादी मी सांभाळते. दोन वर्षांआधी रजिस्टर सोडून ती एका फुकटच्या साइटवर टाकली — मीच. इंग्रजीतलं लांबलचक पान होतं अटींचं, माहिती दुसऱ्या साइटना देऊ हेही त्यातच, खाली डबी होती 'मंजूर' म्हणून. न वाचता टिचकी मारली. आणि वर्गात पोरांना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका रे! लाज वाटून राहिली मला.

४ नोव्हेंबर

साइटवाल्यांना फोन. मशीन बोलते. एक दाबा, दोन दाबा. शेवटी मेल आला — यादी काढण्याच्या विनंतीवर नव्वद दिवसांत विचार केला जाईल. पोरी आमच्या, अन् विचार हे करणार!

९ नोव्हेंबर, रविवार

समितीची बैठक. अध्यक्ष कवडूभाऊ म्हणे, "काहून झंझट करून राहिल्या ताई? फुकट हाय ना ते! एका पोरीचं झालं, बाकीच्यांचं त बरोबर चालू आहे."

एका पोरीचं झालं! मी उठून उभी राहिली. म्हटलं, भाऊ, यादीत दोनशे चौदा पोरी आहेत, पुढची पाळी कोणाची ते तुम्ही सांगा. शेवटी पांढुर्ण्याचा गजेंद्र बोलला — स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. "ताई, यादी आपल्याच घरच्या मशीनवर ठेवू न. सॉफ्टवेअर फुकटच मिळते, पण हे फुकट वेगळं. याचा कोड उघडा असते." म्हणजे? "म्हणजे पंगतीचा स्वयंपाक. आचारी काय टाकून राहिला, झाकण उघडून कोणीही पाहावं."

हे कळलं मला. सौंसरची यादी इथं सौंसरात माझ्या घरी, पांढुर्ण्याची पांढुर्ण्यात त्याच्या दुकानात, दोन्ही मशीन एकमेकांशी बोलतील, आणि एकमेकांचा बॅकअप ठेवतील. वर कोणी मालक नाही.

कवडूभाऊ म्हणे, "करा बाप्पा. बंद पडलं त आमच्याकडे येऊ नका."

नाही येत!

१६ नोव्हेंबर

आमच्या लेकीचा, प्रणालीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर फ्रिजच्या बाजूला बसवला. विंडोज काढली, लिनक्स टाकलं. गजेंद्र सांगते, मी शंभरपानी वहीत लिहून घेते. चोपन्न वर्षांच्या वयात पुन्हा बाराखडी!

हे म्हणतात, "पंख्याला लाइन नाही अन् याला इन्व्हर्टर. पाहुण्यासारखी सोय आहे बुवा याची."

१९ नोव्हेंबर

लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला. चार दिवसांचं काम साफ. रडली. मग चहा केला, वही काढली आणि पहिल्या पानापासून सुरू.

२३ नोव्हेंबर, रविवार

चालू झालं! माझ्या मोबाइलवर दिसलं, पांढुर्ण्याला गजेंद्रच्या मशीनवर दिसलं. आनंदानं पेढे आणायला पाठवलं यांना.

नियम मीच लिहिले, आणि पहिल्याच पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात टाकले. पोरीला विचारल्याशिवाय नोंद नाही. जिची नोंद तिचा पासवर्ड, वाटेल तेव्हा तिनं पुसावी. कारण लिहायला एक रकाना दिला — नाही लिहिलं तरी चालते. आणि जी पुसली ती परत टाकायची नाही, बॅकअपमधूनही उडवायची. गजेंद्र म्हणे, "ताई, एवढं कडक?" म्हटलं, एवढंच.

आपल्या घरापासूनच सुरुवात केली. क्रमांक एक — प्रणाली. सव्वीस पूर्ण झाले, कधी टाकायची मग? माझ्याजवळ सगळं होतंच. जन्मतारीख, शिक्षण, पांढुर्ण्याची नोकरी, मावसबहिणीच्या लग्नातला निळ्या साडीतला फोटो. पाच मिनिटांत भरली. पासवर्डची चिठ्ठी तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. "बरं," म्हणाली.

३० नोव्हेंबर

सात दिवस फोनच फोन. जुन्या यादीतल्या दोनशे चौदाही पोरींना विचारलं, नवीन ठिकाणी टाकू का? आईबापाशी नाही, पोरीशीच बोलायचं. इथलेच एक गृहस्थ चिडले — "मी बाप आहे तिचा, तिला काय विचारता?" म्हटलं, भाऊ, फोटो तिचा आहे. फोन आपटला त्यांनी. संध्याकाळी पोरीचाच आला, "टाका मॅडम. पण तो फोटो नका टाकू, दुसरा देते."

एकोणतीस जणी नाही म्हणाल्या. त्यांची नावं सोडली. भाग्यश्री म्हणाली, "सध्या नको बाई." म्हटलं, कधीच नाही म्हटलं तरी चालते बेटा.

७ डिसेंबर, रविवार

पहिल्यांदाच एक नोंद पुसली गेली! लगेच मशीन उघडली. पाहते तर कारणाच्या रकान्यात — 'जमलं!!' बसल्या बसल्या हसली मी.

आणि क्रमांक एकलाही विचारणा आली! मोहगावचे लोक. मुलगा इंजिनियर, संत्र्याचा बगीचा, माणसं साधी. चौदाला येऊन राहिले पाहायला. प्रणालीला सांगितलं. मान हलवली तिनं आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मशीन उघडली तर क्रमांक एक नाही.

वाटलं, पुन्हा बिघाड. गजेंद्रला फोन केला. तो दोन मिनिटं पाहून म्हणे, "मशीन बरोबर आहे ताई. काल दुपारी पुसली. पासवर्ड टाकूनच." मग हळूच म्हणाला, "कारण लिहिलं आहे."

उघडलं.

'मला कोणी विचारलं नव्हतं.'

हे म्हणतात, "बॅकअप आहे न गजेंद्रजवळ? टाक परत. रविवारी लोक येऊन राहिले, तोंड काय दाखवायचं?" खरं आहे, दोन मिनिटांचं काम आहे. मशीन माझी, चाबी माझी. दिवसभर दोनदा त्या पानावर गेली आणि परत आली. प्रणाली संध्याकाळी आली, जेवली, भांडी घासली. त्या साइटवाल्यांनी तरी डबी दिली होती टिचकी मारायला. मी तेवढंही केलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. पांढुर्णा.

मोहगावला फोन केला, येऊ नका म्हटलं, चूक माझी आहे. गजेंद्रच्या दुकानात बसून बॅकअपमधूनही क्रमांक एक पुसली. माझ्या हातानं.

आता तिच्या ऑफिससमोरच्या बाकड्यावर बसून लिहून राहिली. दोनशे चौदा पोरींना विचारलं. दोनशे पंधरावी दीड वाजता डबा घेऊन बाहेर येते.